पाठमोरा नवरा

मी सिनेमात काम केलंय म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, कोणत्या? नाव सांगून उपयोग नसतो. तो सिनेमा चिखलीच्या टॉकीजला लागला नाही आणि लागणारही नाही. त्यात गाणं नाही, मारामारी नाही, आणि माझं तोंडही नाही. त्यात माझी पाठ आहे. पांढरा बनियन, मानेवरचे वाढलेले केस आणि दोन्ही कान. कान जरा मोठेच आलेत असं बायको म्हणते. मी म्हणतो, कॅमेरा जवळ होता.

चिखलीहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं आणि 'जाऊन राह्यलो'चं 'जात आहे' केलं. एखादं लेकरू दारात येऊन "सर, मले पानी प्यायले जाऊ द्या" म्हणालं, की शुद्ध वाक्य येईपर्यंत त्याला पाणी नाही. काही जण ते वाक्य जुळवत बसायचे आणि तेवढ्यात घंटा व्हायची. मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. पुढे पुण्या-मुंबईला गेल्यावर लोक हसू नयेत म्हणून मी आधीच हसून घेत होतो, म्हणा ना.

अशाच वर्गातली एक मुलगी. 'माह्या मायनं' अशी निबंधाची सुरुवात केली म्हणून मी तिला बाकावर उभं केलं होतं. मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. आता ती तिशीच्या पुढची, आखूड केसांची, पुण्यात राहून सिनेमे दिग्दर्शित करणारी बाई झालीय. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली.

"सर, आपल्या गावात सिनेमा करून राह्यली. आपल्याच बोलीत. नट्या पुण्याच्या आहेत, त्यांना बोलणं शिकवायला माणूस पाहिजे. तुमच्याइतकी ही बोली कोणाला माहीत असणार? एकेक शब्द धरून मारलाय तुम्ही."

मी हसलो. टोमणा कळला नाही असं दाखवायचं असलं की हसणं बरं पडतं.

गोष्ट साधी होती. शेतकऱ्याचं घर. सुनेवर तिचा नवरा हात उचलतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. सासू तर सिनेमाभर तोंड उघडत नाही, नुसत्या भाकरी थापते. अगदी शेवटी ती जेवायला बसलेल्या सासऱ्याला दोन शब्द बोलते आणि सिनेमा संपतो. शेतातल्या आपल्या जुन्या मातीच्या घरात शूटिंग करायला माझ्या थोरल्या भावानं परवानगी दिली होती. दादांना मी ही गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, "इतकंच? हे तं पाह्यले घरीच भेटते. तिकीट काऊन काढावं?"

पण गावाला हौस आली. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथं अक्कलही नव्हती. शूटिंगच्या आदल्या दिवशी दादांच्या सुनांनी त्या जुन्या सैपाकघराला चुना मारला, त्यात नीळ टाकली, चूल सारवली, पातेली घासून आरशासारखी केली आणि दारात रांगोळी काढली. सकाळी दिग्दर्शिका आली आणि दारातच मटकन बसली. तिला काजळी पाहिजे होती. कोळ्याची जाळी पाहिजे होती. ओल येऊन पडलेली जी भेग बघून तिनं ते घर पसंत केलं होतं ती भेग सुनांनी मोठ्या प्रेमानं बुजवली होती. मग दिवसभर पुण्याची शिकलेली माणसं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्या भिंतींना धूर देत बसली. पातेल्यांना राख फासली. दुपारी भांडणाच्या प्रसंगासाठी शेजारच्या बायकांना बोलावलं, तर त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, पावडर लावून, गजरे माळून आल्या. त्यांना परत पाठवून कामाच्या साड्यांत बोलावलं, तर निम्म्या रुसून आल्याच नाहीत.

बायको हे सगळं बघून घरी आली आणि म्हणाली, "ह्या पोरीले आपल्या घरात फकत खरकटंच दिसते काय?"

आता बायकोबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. मी घाटावरचा, ती घाटाखालची, वरवट बकालकडची. तिकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं, आणि शाळा म्हणजे शाया. मराठीच्या मास्तराची बायको शाळेला शाया म्हणते, यापेक्षा मोठी थट्टा देवाला सुचली नसती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमचे हेडमास्तर घरी आले. ती दारात जाऊन म्हणाली, "सर शायेतून आले नाई अजून." मी नेमका मागून पोहोचलो होतो. हेडमास्तर गालात हसले. मी तिथंच, त्यांच्यासमोर म्हणालो, "शाळेतून. शाळेतून म्हण." तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर पाहुणे आले की ती चहा आणून द्यायची आणि आत जायची. सगळे म्हणत, सरांच्या घरची बाई फार मर्यादेची. मला ऐकून बरं वाटायचं.

सुनेचं काम करणारी पुण्याची नटी आमच्याच घरी उतरली. गुणी मुलगी होती. तिनं मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओवरून आमची बोली शिकून घेतली होती आणि तिला एवढंच कळलं होतं की वाक्याच्या शेवटी 'बे' लावलं की झाली वऱ्हाडी. पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाली, "काकू, चहा देता का बे?"

'बे' हे चौकात, पानटपरीवर, दोस्तानं दोस्ताला म्हणायचं. मोठ्या माणसाला नाही, बाईला नाही, आणि सासूच्या वयाच्या बाईला तर जन्मात नाही. बायको हातातलं गाळणं घेऊन खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं त्या मुलीला जवळ बसवून चहा दिला आणि म्हणाली, "देते बे." त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

शिकवणी ओसरीवर चालायची. मी खुर्चीत, नटी पाटावर, हातात वही. मी म्हणायचो, "लिहा. मी शेतात जाऊन राहिले आहे." आतून आवाज यायचा, "जाऊन राह्यली. 'आहे'चं शेपूट कायले लावता?" मी म्हणायचो, "त्याला सांग, की मला बरं वाटत नाही." आतून यायचं, "त्याले सांग, मले बरं नाई." दोन दिवसांत ती मुलगी माझ्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसायला लागली. मला माझीच बोली येत नव्हती. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातून काढता काढता ती माझ्याही तोंडातून गेली होती, आणि मला पत्ताच नव्हता. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी सातवीला दरवर्षी शिकवली आहे. उदाहरण देताना कधी अडचण आली नाही.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की सासूचं काम करणाऱ्या बाईंची कंबर धरली, त्या पुण्याहून निघू शकत नाहीत. दिग्दर्शिका आमच्या ओसरीवर डोकं धरून बसली होती. आत बायको नटीला भाकरी थापायला शिकवत होती, "तिले गोल फिरव, दाबू नको, तिचं तिले पसरू दे." दिग्दर्शिकेनं मान वर केली. ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग उठून दारात गेली आणि म्हणाली, "काकू, सासू तुम्ही कराल काय?"

मी बायकोकडे बघितलं. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि विचारलं, "लुगडं कोनतं नेसू?"

मला ते नको होतं. खरं सांगतो, सिनेमाची लाज नव्हती. मला त्या 'शाये'ची लाज वाटत होती. पुण्यात, मुंबईत, कुठल्या कुठल्या परदेशात लोक माझ्या बायकोचं बोलणं ऐकणार आणि हेडमास्तरांसारखे गालात हसणार. पण असं कसं म्हणायचं? मी पुरोगामी माणूस. ग्रंथालयाच्या कार्यक्रमात स्त्रियांवर बोलतो. मी म्हणालो, "माझं काही नाही. पण दादांना विचारावं लागेल. त्यांना चालणार नाही."

"दादाचं दादा पाह्यतीन," बायको म्हणाली. "तुमाले चालते का नाई, ते सांगा."

"मला काय, दादांनी हो म्हटलं की..."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पिठात हात घातला.

दादा सत्तरीच्या पुढचे. बायको आजही त्यांच्यासमोर पदर सावरते आणि थेट बोलत नाही, मधे कोणीतरी लागतं. बाईमाणसानं चारचौघांत मोठ्यानं हसू नये असं मानणारा माणूस. मी निर्धास्त होतो. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुम्हाला पटत नसेल तर मी तिला समजावतो."

दादांनी सुपारी कातरली. "मले काऊन विचारतं? तुही बायको हाय. भाकरीच थापनार हाय ना? इतकी वर्सं कोनाच्या घरी थापून राह्यली?" मग अडकित्ता थांबला. "पन नवरा कोन होनार तिचा?"

सासऱ्याचं काम गावातल्या एका निवृत्त तलाठ्याकडे होतं. दादांना ते चालणार नव्हतं. परका पुरुष तिच्या हातचं जेवायला बसणार, तेही सगळ्या दुनियेसमोर, हे काही जमणार नाही. मी आशेनं वर बघितलं.

"तूच बस," दादा म्हणाले.

ज्याच्या आड लपलो होतो तो माणूसच असा बाजूला झाला.

दिग्दर्शिकेला हे फारच आवडलं. मी दाढी केली, आरशात दोन-तीन भाव करून बघितले. ती म्हणाली, "सर, तोंडाची गरज नाही. कॅमेरा तुमच्या मागं राहील. तुमची फक्त पाठ पाहिजे." संवाद? संवाद नाही. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून बोललेल्या माणसाला सिनेमात घेतलं आणि गप्प जेवायला बसवलं. तलाठी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

शेवटच्या प्रसंगाला दादांच्या त्या सैपाकघरात जागा एवढीशी. धुरानं परत काळ्या केलेल्या भिंती, पेटलेली चूल, चुलीपाशी ती, तिच्यासमोर ताट घेऊन मी, आणि माझ्या खांद्यामागे कॅमेरा. म्हणजे तिचा चेहरा सगळ्या जगाला दिसणार होता, माझा फक्त तिला. ताटात ज्वारीची भाकरी, बेसन म्हणजे पिठलं, आणि मिरचीचा ठेचा. वाक्य लिहून दिलेलं होतं: 'आजपासून मी गप बसणार नाही.'

आदल्या दिवशीच बायको त्या कागदाकडे बघून म्हणाली होती, "हे तं भाषन झालं. चुलीपाशी असं कोन बोलते?"

पहिल्यांदा ती म्हणाली, "आजपासून मी गप्प बसणार नाही." अगदी शुद्ध. 'ण' तर असा, की मीही वर्गात तसा काढला नसता. दिग्दर्शिका म्हणाली, "काकू, तुमच्यासारखं बोला." दुसऱ्यांदा परत तसंच, आणखी शुद्ध. तिसऱ्यांदाही तेच. दर वेळी माझ्या ताटात नवी गरम भाकरी यायची आणि मला खरंखुरं खावं लागायचं. ठेचा तर कान लाल करून गेला.

"काकू, सर समोर नाहीत असं समजा," दिग्दर्शिका म्हणाली.

"मले तेच तं जमून नाई राह्यलं," बायको म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "मी माह्या मनाचं बोलू काय?"

"बोला."

चौथ्यांदा कॅमेरा सुरू झाला. तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. उलटली. माझ्याकडे बघितलं नाही, तव्याकडेच बघत, रोजच्या आवाजात म्हणाली:

"तुमी मले आयकलं कवा? मी बोलली का तुमी दुरुस्त केलं. बोलली का दुरुस्त केलं. मंग मी बोलनंच सोडलं. तुमाले वाटलं, बाई गुनाची हाय."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळता येईना आणि बाहेरही काढता येईना. कॅमेरा चालूच होता. चुलीत पऱ्हाटी तडतडत होती तेवढीच. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला एकाएकी ते हेडमास्तर आठवले, ती दारातून आत वळली होती ते आठवलं. पस्तीस वर्षं मी त्याला मर्यादा समजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दिग्दर्शिका पुढं आली. तिचे डोळे ओले होते, पण स्वभाव जाईना. "सर," ती म्हणाली, "तुमची पाठ फार छान बोलली."

घरी परतताना शेताच्या वाटेवर मी म्हणालो, "संवाद चांगला म्हणालीस."

"संवाद व्हता काय?" ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

वर्षभरानं दिग्दर्शिकेचा फोन आला. सिनेमा तयार होता, पुण्यात मोजक्या लोकांना दाखवायचा होता, पण तिकडच्या प्रेक्षकांना निम्मं बोलणं कळत नव्हतं. पडद्याच्या खाली प्रमाण मराठीत ओळी द्यायच्या होत्या. "सर, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?" टोमणा या वेळी लगेच कळला, पण काम घेतलं.

आठवडाभर मी कॉम्प्युटरपुढं बसलो. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का' केलं. हात सराईत होते. शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर माझी पाठ, माझे कान, आणि पलीकडे तिचा चेहरा. मी तिचं बोलणं थांबवून थांबवून ऐकलं आणि लिहिलं: 'तुम्ही माझं कधी ऐकून घेतलंत? मी बोलले की तुम्ही दुरुस्त केलंत.' वाक्य निर्दोष होतं.

बायको चहा घेऊन आली. आपलाच चेहरा बघून थांबली. "ते खाली पांढरं पांढरं काय हाय?"

"तू बोललीस ते. पुण्याच्या लोकांसाठी शुद्ध करून लिहितोय."

तिनं चहा टेबलावर ठेवला. "आजूनबी?" ती म्हणाली. रागावली नव्हती. जरा हसलीच.

ती आत गेल्यावर मी त्या पाचही वाक्यांखालची अक्षरं एकेक करून पुसली. खाली काही ठेवलं नाही.

चार दिवसांनी दिग्दर्शिकेचा फोन. "सर, शेवटच्या बोलण्याखाली ओळी टाकायच्या राहिल्या."

"राहिल्या नाहीत," मी म्हणालो. "तिथं नको."

"पुण्याच्या लोकांना कळणार नाही सर."

"मला कळायला पस्तीस वर्षं लागली. ते चार मिनिटं थांबतील."

तिनं पुण्यासारखं 'हो' म्हटलं नाही. "हाव सर," म्हणाली आणि फोन ठेवला.

बायकोनं आतून विचारलं, कोणाचा फोन. मी सांगितलं. ती ओल्या हातानंच बाहेर आली, माझ्याशेजारी ओसरीवर टेकली, आणि कोणीही काही न विचारता बोलू लागली. घाटाखाली उन्हं किती तापतात, माहेरी भावानं केयी लावल्यात, भाचीचं कुठं ठरून राह्यलं. मधेच म्हणाली, "आन् आयकलं काय, शायेच्या मांगं चिचा लागल्या म्हंते. उद्या आनू का?"

"हाव," मी म्हणालो.